व्हॅनिटीवरचा आरसा: माप, काच, कडा आणि बसवणं

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या फ्लॅटचं बाथरूम नवीन होतंय. ३० इंची व्हॅनिटी (बेसिनखालचं कपाट आणि त्यावरचा काउंटर), काउंटरवर ठेवायचं बेसिन, आणि त्याच बाथरूममध्ये काचेच्या पार्टिशनशिवाय शॉवर. जुन्या आरशाच्या कडा दोन-अडीच वर्षांतच काळ्या पडल्या. दुकानदार २४ × ३६ इंचांचा एलईडी आरसा सुचवतोय. घरात आजींची उंची ४ फूट १० इंच, मुलाची ६ फूट. काय घ्यावं?

आधी उत्तर, मग कारणं. २७ इंच रुंद, ३० इंच उंच, ५ मिमी जाडीचा, चारही कडा पॉलिश करून सील केलेला साधा आरसा घ्या. उजेड आरशातून न घेता आरशाच्या दोन बाजूंना वेगळा द्या. २४ × ३६ तुमच्या भिंतीवर चुकीचा बसेल, आणि ते एका पेन्सिलीने दहा मिनिटांत तपासता येतं.

काळ्या कडांपासून सुरुवात करू, कारण ते कारण कळलं नाही तर नवा आरसाही त्याच वाटेने जाईल. आपण म्हणतो ‘आरशाचा पारा उडाला’. पारा त्यात नसतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८३५ मध्ये काचेवर चांदी चढवण्याची रासायनिक रीत शोधली आणि नंतर तीच पद्धत रुळली. आजच्या आरशात काचेच्या मागे चांदीचा अतिशय पातळ थर असतो, त्यामागे तांब्याचा किंवा तांब्याऐवजी दुसरा संरक्षक थर, आणि त्यावर रंगाचे हात. मागून रंग आणि पुढून काच, त्यामुळे चांदी दोन्ही बाजूंनी झाकलेली. उघडी राहते ती फक्त कडेला, काच जिथे कापली तिथे. पाणी, वाफ, ॲसिडचा धूर हे सगळं तिथूनच आत शिरतं. आरसा समोरून कितीही सुंदर असो, त्याचं आयुष्य त्या पाच मिलिमीटरच्या कडेवर ठरतं.

जुना आरसा टाकण्याआधी नीट बघा, दोष कुठला ते तोच सांगेल. काळं फक्त खालच्या कडेला असेल तर तिथे पाणी साचत होतं: आरसा थेट बॅकस्प्लॅशवर (काउंटरमागच्या उभ्या पट्टीवर) टेकवला असेल, किंवा फ्रेमच्या खालच्या खाचेत पाणी थांबत असेल. चारही कडांना सारखं काळं असेल तर वाफ आणि क्लीनरचा धूर. मधेच रुपयाएवढे गोल डाग असतील तर मागे लावलेल्या सिलिकॉनच्या गोळ्यांनी रंग खाल्लाय. स्क्रूभोवती काळं वर्तुळ असेल तर भोक पाडल्यावर ते सील केलं नव्हतं. तुमचं काळं खालून असेल, तर बहुधा आरसा बेसिनच्या फार जवळ होता आणि रोज पाणी अंगावर घेत होता.

आता माप. सरळ भिंतीवरच्या सपाट आरशाचा एक नियम आहे: तुमच्या अंगाचा जो भाग बघायचा, तो आणि तुमचे डोळे यांच्या उंचीच्या बरोबर मध्यावर आरसा असला पाहिजे. तुम्ही जवळ उभे राहा की लांब, काही फरक पडत नाही. ‘मागे सरकलं की जास्त दिसतं’ हा समज पक्का आहे, पण स्वतःच्या अंगाच्या बाबतीत तो खोटा आहे. मागे सरकल्यावर मागची खोली जास्त दिसते, तुम्ही तेवढेच.

मुलाची उंची ७२ इंच, डोळे साधारण ६७ १/२ इंचांवर. डोक्याचा माथा दिसायला आरशाची वरची कड (६७ १/२ + ७२) ÷ २ म्हणजे जेमतेम ७० इंचांवर हवी. भांग पाडताना हात वर जातो, म्हणून ७३. आजींची उंची ५८ इंच, डोळे ५३ १/२ च्या आसपास. पदर-खांद्यापर्यंत, म्हणजे ४४ इंचांपर्यंत दिसायला खालची कड ४९ वर असली तरी चालतं. पण बेसिनवर माणूस वाकतो, डोळे चार-सहा इंच खाली येतात. म्हणून ४३ धरा. ४३ ते ७३, म्हणजे ३० इंच.

व्हॅनिटीच्या बाजूने तपासा. काउंटर जमिनीपासून ३३ इंचांवर, वर ५ इंची बेसिन, म्हणजे बेसिनची कड ३८ इंचांवर. आरशाची खालची कड ४३ वर ठेवली तर मध्ये ५ इंच मोकळे राहतात. ३६ इंची उंच आरसा घेतला तर तो ७३ पासून खाली ३७ पर्यंत येईल, म्हणजे बेसिनच्या कडेच्याही खाली; नाहीतर वर ७९ पर्यंत चढवावा लागेल, आणि वरचे सहा इंच फक्त छत दाखवतील. वरच्या बेसिनसाठी लागणारा उंच पिलर कॉक (उभा नळ) बारा इंचांच्या आसपास असतो, म्हणजे त्याचं टोक ४५ इंचांवर, आरशाच्या खालच्या कडेसमोर. त्याला अडचण नाही, नळ भिंतीपासून बराच पुढे असतो. फक्त त्या उंचीवर शिंतोडे जास्त उडणार हे लक्षात ठेवा.

हे सगळे आकडे तुमच्या घरचे नाहीत, तुम्ही दिलेल्या उंचीवरून काढलेले आहेत. टाइल लागल्यावर आजींना आणि मुलाला चपला न घालता भिंतीसमोर उभं करा, डोळ्यांच्या पातळीला मास्किंग टेप लावा आणि पुन्हा मोजा. जमिनीची टाइल अजून लागायची असेल तर तिची आणि मसाल्याची मिळून दीड-दोन इंच जाडी प्रत्येक उंचीत मिळवायला विसरू नका. आरसा खाली-वर होण्याचं सर्रास आढळणारं कारण हेच. घरात लहान मूल असेल तर त्याच्यासाठी आरसा खाली आणू नका. आठ इंची घट्ट स्टूल द्या, चार वर्षांत त्याची गरज संपते.

रुंदी काउंटरपेक्षा दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कमी, म्हणून २७. काउंटरएवढीच ३० घेतली तर चूक नाही, पण दोन कडा एका रेषेत येतात आणि दोन सुतांचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरकही डोळ्यांत खुपतो. मध्यरेषा बेसिनच्या मध्यावर धरायची, भिंतीच्या नाही. आरसा दोन भिंतींच्या मध्ये अडकवून बसवणार असाल तर वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी रुंदी मोजा, सर्वांत लहान मापातून दोन सूत वजा करा आणि तेच काचवाल्याला द्या. टाइलच्या कोपऱ्यात भिंत ओळंब्यात असेल असं गृहीत धरू नका.

गोल आरशाची सध्या हौस आहे. २४ इंची गोलाचं क्षेत्रफळ २४ इंची चौकोनापेक्षा सुमारे २१ टक्के कमी, आणि सर्वांत वरचा-खालचा भाग फक्त मध्यरेषेवर मिळतो. एकाच माणसाच्या पावडर रूमला, म्हणजे अंघोळीची सोय नसलेल्या छोट्या वॉशरूमला, तो छान दिसतो. जिथे ५८ आणि ७२ इंच उंचीची माणसं एकामागून एक तोंड धुतात, तिथे तो कोणालाच पुरत नाही. शिवाय काचवाला पैसे बहुधा चौकोनाचेच लावतो.

पैशावरून आठवलं: काचेचा दर चौरस फुटावर असतो आणि बरीच दुकानं माप तीन किंवा सहा इंचांच्या पुढच्या पटीत मोजतात. २७ × ३० हे तीनच्या पटीत बसतं, पण सहाच्या पटीवाल्या दुकानात ते ३० × ३० धरलं जाईल. पॉलिश, बेव्हल (कडेला दिलेला तिरका उतार), भोकं यांचे पैसे वेगळे. ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.

जाडी. काचेचं वजन दर चौरस मीटरला दर मिलिमीटरमागे अडीच किलो. तुमचा आरसा साधारण ०.५२ चौरस मीटरचा, म्हणजे ४ मिमी मध्ये सव्वापाच किलो, ५ मध्ये साडेसहा, ६ मध्ये पावणेआठ. ४ मिमी स्वस्त, पण मागची प्लाय किंवा भिंत जराशी असमान असली की तो वाकतो आणि चेहरा लहरी दिसतो. या मापाला ५ मिमी योग्य. चार फुटांपुढे ६. काच ‘क्लिअर’ पुरे. ‘एक्स्ट्रा क्लिअर’ काचेत हिरवट झाक कमी असते, पण फरक पांढऱ्याशुभ्र टाइलवर किंवा मेकअप करणाऱ्यालाच जाणवतो. मागे सेफ्टी फिल्म मात्र लावून घ्या, विशेषतः ओल्या फरशीवर लहान मुलं वावरत असतील तर. चांदी चढवलेला आरसा नंतर टफन (भट्टीत तापवून मजबूत) करता येत नाही, भट्टीच्या उष्णतेत थर जळतो. फिल्ममुळे निदान फुटलेले तुकडे जागेवर राहतात.

कडेचं काम हे या सगळ्या खरेदीतलं सर्वांत महत्त्वाचं काम, आणि बिलावर सर्वांत छोटं. तीन गोष्टी सांगा. एक, चारही कडा मशीन पॉलिश. नुसती कापून चोळलेली कड नको. दोन, पॉलिशनंतर आरसा स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच पुसून वाळवा, कारण मशीनचं कूलंट कडेला राहिलं तर तेच चांदी खायला लागतं. तीन, वाळल्यावर कडेला एज सीलर किंवा निदान पारदर्शक लॅकरचा हात, मागच्या रंगावर दोन सूत आत येईल असा. काचवाला ‘त्याची काही गरज नाही’ म्हणेल. ड्रॉइंग रूममधल्या आरशाला ते खरं आहे. बेव्हल हवा असेल तर अर्धा इंच पुरे. बेव्हलने कड पातळ होते आणि खालच्या क्लिपवर टेकताना टवका उडतो, म्हणून या बाथरूमला सरळ पॉलिशच बरी.

दुकानात आरसा ताब्यात घेताना सहा-सात फूट लांब उभे राहा, त्यात एखादी सरळ रेषा, दाराची चौकट किंवा ट्यूबलाइट, दिसेल असं बघा आणि डोकं सावकाश डावी-उजवीकडे हलवा. रेषा पाण्यासारखी हलली तर काच लहरी आहे, परत करा. मग उलटा करून मागचा रंग बघा: नखाएवढा ओरखडा म्हणजे दोन वर्षांनी तिथला काळा डाग. चांदी चढवलेल्या आरशांचं भारतीय मानक आयएस ३४३८ आहे. लेबलवर ते दिसलं तर चांगलं, पण कापल्यानंतरच्या कडेची जबाबदारी ते मानक घेत नाही, ती कापणाऱ्याची.

फ्रेम घ्यायचीच तर ॲल्युमिनियम किंवा पावडर कोटेड धातूची. एमडीएफची फ्रेम ओल्या बाथरूममध्ये खालच्या जोडापासून फुगते, वर कितीही चांगलं पीयू पॉलिश असलं तरी. कुठल्याही फ्रेमच्या खालच्या पट्टीत पाणी निघायला दोन बारीक भोकं हवीत.

आरशाचं कपाट, म्हणजे मागे कप्पे असलेलं, चार-पाच इंच पुढे येतं. भिंतीपासून १८ इंच पुढे आलेल्या काउंटरवर तोंड धुवायला वाकताना डोकं नेमकं तिथे लागतं. घ्यायचं असेल तर भिंतीत खाच करून आत बसवा, किंवा बाजूच्या भिंतीवर लावा. बिजागऱ्या एसएस ३०४ च्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या. आणि आजींची औषधं त्यात ठेवू नका, दमट हवेत गोळ्या लवकर खराब होतात.

एलईडी आरशाबद्दल. त्यात वाईट काही नाही, पण जे विकत घेतो ते नीट ओळखून घ्यावं. मागून उजेड फेकणारा आरसा भिंत उजळवतो, चेहरा नाही. दाढी करायला, कुंकू लावायला उपयोगी पडतो तो पुढून, वाळू मारलेल्या पट्टीतून येणारा उजेड. त्यातही पट्टी गेली किंवा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) जळला तर तो बदलता येतो का, हे विचारा. ‘संपूर्ण आरसा बदलावा लागेल’ असं उत्तर आलं तर सोडून द्या. संपूर्ण युनिटचं रेटिंग आयपी ४४ (शिंतोड्यांपासून संरक्षण) हवं, नुसत्या पट्टीचं नको. टच स्विचवर ओलं बोट आणि शिंतोडे दोन्ही चालतात, म्हणजे तो आपोआप चालू-बंद होतो. पार्टिशन नसलेल्या शॉवरजवळ हा रोजचा वैताग.

तुमच्यासाठी म्हणून वेगळे दिवे. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे, १८ ते २४ इंच लांबीचे, मध्य ६० इंचांवर; म्हणजे आजींचे ५३ आणि मुलाचे ६७ हे दोन्ही डोळे त्या पट्ट्यात येतात. बाजूला जागा नसेल तर आरशाच्या वर आडवा दिवा, भिंतीपासून चार-पाच इंच पुढे येणारा. छतातला एकच डाउनलाइट नको. तो डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली टाकतो, माणूस आजारी दिसतो. रंग ४००० केल्व्हिन; बाजारात सहज मिळणारा ६५०० चा निळसर पांढरा कातडीला फिकट करतो. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त. शॉवरचा फवारा पोचेल तिथे विजेचं काहीही नको, स्विच बाथरूमबाहेर, सर्किटवर ३० मिलीॲम्पची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), धातूच्या दिव्याला अर्थिंग. वायर टाइल लागण्याआधी काढून ठेवायची, नाहीतर नंतर टाइलवरून पट्टी फिरवावी लागते आणि ती दिसत राहते.

डीफॉगर पॅडसाठी (आरशावर धुकं धरू नये म्हणून मागे लावतात ते) जास्तीचे पैसे देऊ नका. बादलीने अंघोळ करणाऱ्या घरात आरसा फार धुकट होत नाही, आणि शॉवर असेल तिथेही चालता एक्झॉस्ट पंखा जास्त काम करतो. तो पंखा वाफेबरोबर कडांचाही शत्रू बाहेर काढतो, पॅड फक्त काच गरम करतं.

बसवण्याची वेळ सर्वांत शेवटी, आणि हे शब्दशः घ्या. टाइलचं काम संपल्यावर ग्राउटचे (टाइलमधल्या फटी भरायच्या मसाल्याचे) डाग काढायला ॲसिड वॉश होतो. तो झाला, दोन-तीन वेळा पाणी मारलं, पंखा लावून दोन दिवस गेले, की मग आरसा. आधी लावलेला आरसा आणि नळाचं क्रोम त्या एका दुपारच्या धुराने खराब होऊ शकतं. भिंतीत ओल असेल, किंवा पलीकडे शेजाऱ्याचं बाथरूम असून डाग दिसत असेल, तर ते आधी.

भोकं पाडण्याआधी पाइप कुठून गेलेत ते शोधा. बऱ्याच फ्लॅटमध्ये लाइन वरून, दाराच्या उंचीने येते आणि बेसिनच्या अँगल कॉककडे (बेसिनखाली भिंतीतून निघणाऱ्या छोट्या नळाकडे) भिंतीतून सरळ खाली उतरते, म्हणजे बरोबर आरशाच्या मागून. टाइल लावण्याआधीचे फोटो असतील तर उत्तम. नसतील तर दोन्ही अँगल कॉकच्या बरोबर वरचा तीन-तीन इंची उभा पट्टा निषिद्ध धरा. टाइल ठोकून बघा, पोकळ वाजली तर तिथेही नको. टाइलवर मास्किंग टेप, टाइलचं बिट, ड्रिलचा हॅमर बंद; टाइल पार झाली की मग काँक्रीटचं बिट आणि हॅमर.

मागे १२ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारी) प्लाय, आयएस ७१० शिक्का असलेली, आरशापेक्षा चारही बाजूंनी दीड इंच लहान, म्हणजे २४ × २७. लहान अशासाठी की तिची कड दिसत नाही आणि शिंतोडे तिच्यापर्यंत पोचत नाहीत. कडांना आणि मागे ऑइल पेंटचे दोन हात. सहा गिट्ट्या (भिंतीतल्या भोकात घालायचे प्लग), दोन इंची एसएस स्क्रू, पाणसळ लावून. टाइलची ग्राउट रेषा पाणसळीत असेलच असं नाही, आणि आरसा रेषेला लावावा की पाणसळीला, असा प्रश्न आला तर टाइलच्या रेषेला लावा. वर्षभर डोळा तीच रेषा बघणार आहे.

प्लायवर आरसा चिकटवायला सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच. हार्डवेअरच्या दुकानात ‘सिलिकॉन’ मागितलं की बहुधा स्वस्त जनरल पर्पज ट्यूब मिळते. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ते ॲसेटिक ॲसिड आहे आणि आरशाच्या मागच्या रंगातून चांदीपर्यंत पोचतं, वर सांगितलेले गोल डाग त्याचेच. ट्यूबवर न्यूट्रल लिहिलेलं वाचल्याशिवाय सुताराला लावू देऊ नका. लावायचं ते उभ्या रेषांत, सहा-सहा इंचांवर, कडेपासून दोन इंच आत. गोळे किंवा चौकट नको, त्यात दमट हवा कोंडते. खाली दोन एसएसच्या क्लिप वजन घ्यायला, आत रबर लावून, म्हणजे ओला गोंद असतानाही आरसा सरकत नाही. फोम टेप फक्त पहिल्या रात्रीचा आधार, त्यावर साडेसहा किलो कायम टांगू नका.

चार कोपऱ्यांतल्या भोकांचे मिरर स्क्रू टाळता आले तर टाळा, प्रत्येक भोक म्हणजे चांदीची आणखी एक उघडी कड. लावायचेच तर भोकाच्या आत सील, मागे-पुढे नायलॉन वॉशर, आणि स्क्रू हाताने, ड्रिलने नाही. शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात काच तडकते.

मग वरची आणि दोन्ही बाजूंची फट त्याच न्यूट्रल सिलिकॉनने बारीक भरा. खालची उघडी सोडा. वरून ओघळणारं पाणी मागे जाता कामा नये, आणि जे काही गेलंच ते खाली निघून जायला हवं. सुतार चारही बाजू भरून ‘पॅक’ करून देतो म्हणेल, नको म्हणा. चोवीस तास शॉवर बंद.

पुसताना क्लीनर फडक्यावर मारा, आरशावर नाही. आरशावर मारलेलं ओघळून खालच्या कडेत बसतं. अमोनियावालं काही नको. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके एका वाटीत निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर घेऊन, पिळलेल्या फडक्याने, मधल्या भागातच काढा, मग साध्या पाण्याचं फडकं आणि कोरडं मायक्रोफायबर. टॉयलेटमध्ये ॲसिडवालं क्लीनर टाकलं की पंखा चालू आणि बाटलीचं झाकण लगेच बंद; व्हॅनिटीच्या कप्प्यात ती बाटली ठेवू नका, आरसा तिथून हातभरच वर आहे.